दास, सेवक की कारभारी? मानपत्रातला एक शब्द

अहिल्यानगरहून प्रश्न
सर्वांना सलाम. आमच्या चर्चची घंटा वाजवणारे, बाक पुसणारे, प्रभुभोजनाचे पेले विसळून फडक्यावर पालथे घालणारे काका आता वयोमानामुळे थांबताहेत. मंडळी त्यांना मानपत्र देणार आहे. मसुद्यात मी ‘प्रभूचे विश्वासू दास’ लिहिलं. कमिटीतले एक जण म्हणाले, दास चर्चच्या पाळकांना, म्हणजे धर्मोपदेशकांना म्हणतात, यांना सेवक म्हणा. दुसरे म्हणाले, दास म्हणजे गुलाम, मानपत्रात बरं दिसत नाही. एकाला शब्द फार मोठा वाटला, दुसऱ्याला फार हलका. कोणाचं खरं?

पुण्याहून
दोघांचंही. बायबलच्या नव्या कराराच्या मूळ ग्रीकमध्ये दोन वेगळे शब्द आहेत. ‘दूलोस’ म्हणजे धन्याच्या मालकीचा माणूस, तो दास. ‘दियाकोनोस’ म्हणजे पंगतीत वाढणारा, हाताखाली राबणारा, तो सेवक. दासाची ओळख तो कोणाचा यावरून, सेवकाची तो काय करतो यावरून. मार्कच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात दोन्ही लागोपाठ येतात: मोठा होऊ पाहणाऱ्याने सेवक व्हावं, पहिला होऊ पाहणाऱ्याने सर्वांचा दास. म्हणजे दास ही सेवकाच्याही खालची पायरी. प्रेषित पौल मंडळ्यांना लिहिलेल्या पत्राच्या सुरुवातीला स्वतःला ख्रिस्ताचा दास म्हणवतो ते याच अर्थाने.

गडबड आपल्या आदरार्थी बहुवचनाने केली. ‘मी देवाचा दास’ ही नम्रता. ‘देवाचे दास आले आहेत, खुर्ची आणा’ म्हटलं की पदवी झाली! आता तर पत्रिकेवर नावाआधी ‘देवाचे दास’ छापतात, तेही स्वतःच. रामदासांनी ‘दास म्हणे’ लिहिलं ते नावाच्या जागी, नावावर चढवायला नव्हे.

वसईहून
आमच्याकडे कॅथलिकांत ‘फादर’ किंवा ‘धर्मगुरू’, त्यामुळे हा पेच कमी. पण पोपच्या बिरुदांत ‘देवाच्या सेवकांचा सेवक’ आहेच, सहाव्या शतकातल्या पहिल्या ग्रेगरींपासून रुळलेलं. बिरुद होण्यापासून नम्र शब्दही सुटत नाहीत.

सोलापूरहून
‘सेवक’ लिहायला हरकत नाही, पण ‘सेवा’ या शब्दात सरकारी नोकरी घुसली आहे. प्रशासकीय सेवा, सेवाज्येष्ठता, सेवानिवृत्ती. ‘सेवानिवृत्त पाळक’ वाचलं की मला प्रभूने पेन्शन लावल्यासारखं वाटतं. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये मिशनचं काम सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभा केला, तेव्हा पगार सुटला, सेवा नाही. हा फरक आपल्या बोलण्यात अजून आहे: ‘मिशनमध्ये नोकरीला होते’ वेगळं, ‘सेवेत होते’ वेगळं.

पुण्याहून पुन्हा
‘विश्वासू’ मात्र काढू नका. आपल्या मंडळ्यांत ‘विश्वासी’ म्हणजे ख्रिस्तावर विश्वास ठेवणारा आणि ‘विश्वासू’ म्हणजे ज्याच्यावर विसंबता येतं तो. ग्रीकमध्ये ‘पिस्तोस’ हा एकच शब्द दोन्ही अर्थ वाहतो. विश्वासी आपण सगळेच म्हणवतो, पण चर्चची किल्ली विश्वासू माणसाकडे असते. करिंथच्या मंडळीला लिहिताना पौलाने हा गुण मागितला तो कारभाऱ्याकडे, आणि गावाकडे ‘कारभारी’ कोणाला म्हणतात हे मी सांगायला नको. घर दुसऱ्याचं, हिशोब याच्या हाती. पेले विसळणाऱ्या काकांना मला तरी हाच शब्द जवळचा वाटतो.

अहिल्यानगरहून
कारभारी वाचून कमिटीच्या बायका हसतील, भाऊ. ‘प्रभूचे विश्वासू सेवक’ ठेवतो. काकांना विचारलं, तर म्हणाले, नाव बरोबर लिहा, मागच्या वेळी आडनाव चुकलं होतं.

नाशिकहून
उशिरा आले, पण बायकांचं राहिलंच. मरिया देवदूताला ‘मी प्रभूची दासी’ म्हणते, म्हणून आमच्या काही प्रचारिका स्वतःला ‘देवाची दासी’ लिहितात. भाव चांगला, पण घाईत दोन शब्द जोडले की ‘देवदासी’ होतं, आणि मराठीत त्या शब्दामागे सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेल्या मुलींचा सगळा इतिहास उभा राहतो. मी एका पत्रिकेवर ते तसं छापलेलं पाहिलं आहे. पौलाच्या रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात फिबी या बाईसाठी ‘दियाकोनोस’च आहे आणि मराठी बायबलात तिथे ‘सेविका’. बायकांच्या मानपत्रात तेच लिहा. ‘दासी’ लिहायचंच असेल, तर ‘प्रभूची’ लिहा, ‘देवाची’ नको.