बेलिनीचा संत फ्रान्सिस: त्या खडावा पाहिल्यात का?

बेलिनीच्या संत फ्रान्सिसच्या चित्राबद्दल 'या चित्रात चमत्कार कुठे आहे, फ्रान्सिस नुसता उभा दिसतो' असं कुणीतरी म्हटलंय, म्हणून लिहितो. व्हेनिसचा चित्रकार जोव्हान्नी बेलिनीनं हे चित्र साधारण 1475-80 च्या सुमारास रंगवलं; आज ते न्यूयॉर्कच्या फ्रिक या कलासंग्रहालयात आहे. इटलीतल्या ला व्हेर्नाच्या डोंगरावर 1224 मध्ये फ्रान्सिसच्या अंगावर ख्रिस्ताच्या क्रुसावरच्या जखमा उमटल्याची कथा आहे; हाच तो चमत्कार. इतर चित्रकार आकाशात पंखांचा देवदूत काढतात. बेलिनीनं तो काढलाच नाही. नीट पाहा, तळहातांवर बारीक व्रण आहेत. आणि मागे मेजाखाली लाकडी खडावा तशाच राहिल्यात! वाचता वाचता उठून तो अनवाणीच उन्हात आलाय. मला तर ते ऊनच देवदूत वाटतं.