आभाळात सऱ्या पाडल्यासारखे ढग, पाऊस येणार का?

द्राक्षबाग_निफाड: नमस्कार मंडळी. सकाळी सातला बागेत गेलो तर डोक्यावर पांढऱ्या ढगांच्या सऱ्याच सऱ्या, एकामागे एक, मधून निळं आभाळ. माल उतरायला आलाय, गोडी भरलीय, व्यापारी परवा येणार आणि आता पाऊस झाला तर मणी तडकणार. २०१४ ची गारपीट अजून डोळ्यासमोरून जात नाही, आभाळात काही दिसलं की पोटात गोळा येतो. हे ढग पावसाचे आहेत का?

ढगवेडी_पुणे: दादा, हात सरळ लांब धरा आणि डोक्यावरचा एक पुंजका बोटांनी मापा. करंगळीआड झाकला तर तो खूप वरचा. एका बोटापेक्षा मोठा पण तीन बोटांत मावला तर अल्टोक्युम्युलस, मधल्या थरातला, साधारण २ ते ७ किमीवरचा. वरचा आणि खालचा वारा वेगळ्या वेगाने नाहीतर वेगळ्या दिशेने वाहत असला की मधली हवा हिंदकळते, जिथे ती वर उचलली जाते तिथे गार होऊन ढग धरतो, जिथे खाली बसते तिथे विरतो, म्हणून मधे निळं दिसतं. म्हणजे या सऱ्या वाऱ्यामुळे पडतात, त्यावरून पाऊस ठरत नाही. यातून थेंब सुटलेच तर बहुतेक वाटेतच आटतात.

द्राक्षबाग_निफाड: मापलं ताई, दोन बोटं भरतात. मग निर्धास्त राहू?

ढगवेडी_पुणे: एवढ्यात नको. मधल्या फटी बुजत गेल्या, सूर्य दुधी काचेआडून दिसायला लागला आणि तुमची सावली पडेनाशी झाली तर वर ओल वाढतेय असं समजा. हिवाळ्यात पश्चिमी झंझावात, म्हणजे पश्चिमेकडून येणारी ढगाळ-पावसाळी हवा, सरकताना असं होतं आणि मग एखाद्या दिवसात पाऊस येऊ शकतो. सावलीवर लक्ष ठेवा.

लातूरकर: माझं एक ॲड करतो. सकाळीच त्या ढगांच्या डोक्यावर किल्ल्याच्या बुरुजासारखे बारीक कोंब फुटलेले दिसले तर जास्त सावध, दुपारनंतर गडगडाट होऊ शकतो, हे मी आमच्याकडे एप्रिल-मे मध्ये कितीदा बघितलंय. दामिनी ॲप टाकून ठेवा, विजेचा इशारा मिळतो.

द्राक्षबाग_निफाड: चार वाजले. कोंब नाहीत, सऱ्या विरल्या, सावली ठळक पडतेय. तरी व्यापाऱ्याला फोन केला, तो उद्याच यायला तयार झाला. सकाळी मजूर लावून माल काढतोय.