धाराशिव-बीडमध्ये कॅन्सर कमी आहे, की कमी सापडतोय?

बार्शीकर: व्हॉट्सअॅपवर फिरतंय की मराठवाड्यात भाकरी-ठेचा खातात म्हणून तिथं कॅन्सर नाही. भाकरीचं जाऊ द्या, पण आकडा खराय. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०१२-१६ च्या रिपोर्टमध्ये उस्मानाबाद-बीडच्या (उस्मानाबाद म्हणजे आताचं धाराशिव) पुरुषांत नव्या कॅन्सरचा दर वर्षाला लाखामागं ३९.५, देशात सगळ्यात कमी, आणि मिझोराममधल्या ऐजॉलचा २६९.४. दोन्हीकडं वयाचा फरक काढून टाकलेला, म्हणजे ऐजॉलला म्हातारे जास्त असतील हेही कारण चालणार नाही. माझं मत, फरक बराचसा खराच आहे. शेजारी बार्शीला १९८७ पासून देशातली पहिली ग्रामीण रजिस्ट्री, म्हणजे कॅन्सरच्या केसेसची नोंदवही, चालू आहे, तिची माणसं पेशंट येईल म्हणून दवाखान्यात बसून राहत नाहीत, गावोगाव फिरून विचारतात.

सिस्टरबाई: फिरतात हो, पण विचारून काय कळणार? आमच्याकडं आजोबा पोट दुखतंय म्हणून सहा महिने अॅसिडिटीच्या गोळ्या खातात, पिवळे पडतात, मग घरचे म्हणतात आता कशाला हाल करायचे, आणि संपलं. बायोप्सी नाही, सीटी नाही, दाखल्यावर 'वार्धक्य'. रजिस्ट्री लिहिणार कुठून?

अण्णा_ठाणे: शिवाय निम्मी लोकं परळला टाटाला जातात, ते मुंबईच्या खात्यात पडत असणार.

बार्शीकर: नाही अण्णा, पेशंट राहतो कुठं त्यावर मोजतात, दवाखाना कुठलाय त्यावर नाही. टाटात नाव सापडलं तरी पत्ता भूमचा असेल तर केस भूमचीच.

अण्णा_ठाणे: आणि मेहुण्याच्या चाळीचा पत्ता दिला तर? सगळे तोच देतात राव.

खवचट_खान: त्यात दर काढायला केसेसना भागायचं कशानं, तर २०११ च्या जनगणनेवरून पुढं ओढलेल्या लोकसंख्येनं. अर्धं गाव ऊसतोडीला बाहेर. हे मोजत बसण्यापेक्षा तालुक्याला सोनोग्राफी मशीन द्या.

बार्शीकर: मोजलं नसतं तर मशीन कुठलं द्यायचं हे तरी कळलं असतं का? याच उस्मानाबादेत १९९९ पासून १,३१,७४६ बायकांवर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा अभ्यास झाला. हा कॅन्सर ज्या विषाणूनं होतो त्याची, म्हणजे एचपीव्हीची, एकदाच केलेल्या चाचणीनं आठ वर्षांत त्याचे मृत्यू जवळपास निम्मे झाले. कोण आजारी पडलं, कोण गेलं, याचा माग रजिस्ट्रीनंच ठेवला ना.

सिस्टरबाई: हो, आणि त्यातल्या ३१,४८८ बायकांना तुलनेसाठी तपासणीविना ठेवलं, त्यातल्या ६४ याच कॅन्सरनं गेल्या, हेही लिहा की. चाचणी केलेल्या गटात ३४. मोजायला माझी ना नाही, पण नुसतं मोजत राहणं मला पटत नाही.

बार्शीकर: तो आक्षेप मान्य, त्यावर तेव्हाही बरीच टीका झाली होती. पण ताई, तो दोष अभ्यास आखणाऱ्यांचा, वहीचा नाही.

सिस्टरबाई: बरं, मग वहीचंच बोलू. वयोगटाप्रमाणं तक्ता काढा. कॅन्सर वयाबरोबर वाढत जातो, तुमच्या तक्त्यात सत्तरीनंतर दर एकदम खाली आला तर समजा की म्हातारी माणसं निसटतायत, भाकरी वाचवत नाहीये. टाका इथं तक्ता.

बार्शीकर: टाकतो. पण खाली नाही आला तर तुम्ही काय म्हणणार ते आत्ताच लिहून ठेवा.