कपाळाच्या उंचवट्यावरून नर ठरवू नये

एंजलफिश या टाकीत पाळल्या जाणाऱ्या माशाच्या कपाळावर उंचवटा दिसला की तो नर समजावा, असे काही जण सुचवतात. परंतु चांगल्या पोसलेल्या, वयाने मोठ्या मादीलाही तसा उंचवटा येऊ शकतो, म्हणून केवळ त्यावर विसंबू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. खरी खूण अंडी घालण्याच्या सुमारास दिसते. त्या वेळी पोटाखाली बाहेर येणारी लहानशी नळी नरामध्ये बारीक व टोकदार असते, तर मादीमध्ये ती जाड आणि बोथट असते. टाकीच्या काचेशी डोळे नेऊन, मासा आडवा फिरेपर्यंत धीराने थांबले, तर हा फरक स्पष्ट दिसतो.

जोडी जमली म्हणजे नर-मादीच असतील, असेही नाही. दोन माद्यासुद्धा एकत्र येऊन पान स्वच्छ करतात, अंडी घालतात आणि त्यांची राखणही करतात. दरवेळी सगळीच अंडी फलित न होता दोन-तीन दिवसांत पांढरी पडू लागली, तर दोन्ही माद्याच असल्याची शंका अवश्य घ्यावी.

इतर माशांपैकी, आफ्रिकेतील मलावी सरोवरातल्या म्बुना नावाच्या माशांच्या जातींमध्ये गुदपरावरचे (पोटाखालच्या मागील परावरचे) पिवळे ठिपके नरात अधिक ठळक असतात, पण ते अनेक माद्यांनाही असतात. कन्व्हिक्ट सिक्लिड या माशामध्ये मात्र ओळख सोपी आहे: पोटावरची नारिंगी झाक मादीची.