बेकार भत्ता घरबसल्या म्हणे, आणि आम्ही रजेवर

भोसरीचा_फिटर

परवा नियोजन_गुरू यांनी लिहिलं की नोकरी गेली तर ईएसआयच्या (म्हणजे कामगार विम्याच्या) अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेतून 90 दिवस निम्मा पगार मिळतो, अर्ज ऑनलाइन, 15 दिवसांत पैसे खात्यात. इथवर ठीक. पण शेवटचं वाक्य होतं, "ज्यांना मिळत नाही त्यांनी वाचलेलं नसतं, नुसती रडायची सवय असते." दोन दिवस सोडून दिलं, आज नाही सुटत, म्हणून लिहितोय. लांबलं तर लांबलं.

वाचलंय साहेब. तीनदा वाचलंय. मागच्या चार कॉन्ट्रिब्युशन पिरियडची (वर्गणीचा एक पिरियड सहा महिन्यांचा) सगळी कमाई भागिले 730, त्याच्या निम्मे, गुणिले 90. पगार 18,000 धरला तर साडेसव्वीस हजार होतात, ते पण तोंडपाठ आहे. शेवटच्या पिरियडमध्ये वर्गणी भरलेले 78 दिवस पाहिजेत, आहेत. त्याआधीच्या तिनातल्या एकात 78 पाहिजेत, माझे तिन्हीत आहेत. नोकरी जाऊन 30 दिवस झाल्यावर अर्ज करायचा, तेपण थांबलो, त्या तीस दिवसांत वाण्याकडे तोंड लपवून कसं जायचं ते योजनेत लिहिलेलं नाही.

एकतिसाव्या दिवशी पोर्टल उघडलं तर ओटीपी भलत्याच नंबरवर. नोकरीला लागलो तेव्हा काँट्रॅक्टरच्या सुपरवायझरने आमच्या बॅचच्या सगळ्या पोरांच्या नावापुढे स्वतःचा नंबर टाकलेला. ते निस्तरण्यात आठ दिवस. आत गेलो तर सिस्टीम म्हणते तुम्ही अजून नोकरीत आहात! झालं काय, तर काँट्रॅक्टरने त्या महिन्याची ईएसआयची वर्गणी भरताना माझ्यापुढे दिवस टाकले शून्य आणि कारणाचा कोड टाकला 1. म्हणजे रजेवर. 2 टाकायचा होता, 2 म्हणजे नोकरी सोडली. गेटवर कार्ड काढून घेऊन मला घरी पाठवलं आणि कागदावर मी रजेवर आहे, बहुतेक महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी खातोय.

ऑफिसातला माणूस वाईट नव्हता. त्याने स्क्रीन माझ्याकडे फिरवली, पेनाच्या टोपणाने तो 1 दाखवला आणि म्हणाला, हे मालकानेच बदलायला पाहिजे. मालक म्हणजे काँट्रॅक्टर, तो फोन उचलत नाही. आता सांगा गुरुजी, यात माझं काय वाचायचं राहिलं?

नियोजन_गुरू

मी "सगळे" असं कुठेही लिहिलेलं नाही. तुमचा प्रॉब्लेम योजनेचा नाही, काँट्रॅक्टरचा आहे. माझ्या भाच्याचे पैसे सतराव्या दिवशी आले, मी स्वतः फॉर्म भरून दिला, वीस मिनिटं लागली. पूर्वी तर अॅफिडेव्हिट लागायचं आणि अर्ज मालकामार्फत जायचा, 2020 मध्ये दोन्ही काढून टाकलं. जे सुधारलंय त्याला सुधारलं म्हणायला काय हरकत आहे?

भोसरीचा_फिटर

अर्ज मालकामार्फत जात नाही, पण मालकाने 2 टाकल्याशिवाय अर्जच होत नाही. पुढचं दार उघडलं आणि कडी मागच्या दाराला घातली. आणि भाच्याला तुमच्यासारखा मामा होता हो.

एचआरवाला_वाळूज

मी या धंद्यात अकरा वर्षं आहे, मला शिव्या पडणार हे माहीत असूनही लिहितो. काँट्रॅक्टर मुद्दाम करतो असं सगळे धरून चालतात. तीनशे लोकांची एक्सेल असते, 15 तारखेच्या आत भरायची असते, भरायला बसवलेलं पोरगं नवीन असतं, शून्य दिवस टाकले की कारण टाकावं लागतं, तो यादीत पहिलं पटेल ते टाकतो. त्याला वाटतं माणूस येत नाहीये म्हणजे रजेवर असेल. त्याला कोणी सांगितलेलंच नसतं की या एका आकड्यावर कोणाचे तरी सव्वीस हजार लटकलेत.

फिटरभाऊ, काँट्रॅक्टरच्या मागे फिरू नका. कायद्याप्रमाणे काँट्रॅक्टरच्या कामगारांची ईएसआयची वर्गणी भरायची पहिली जबाबदारी मूळ कंपनीची असते. ज्या कंपनीच्या गेटवर काम केलंत तिच्या एचआरला लेखी द्या, इन्शुरन्स नंबर टाका, शेवटचा कामाचा दिवस टाका, पोच घ्या. पोच. तोंडी बोलणं हवेत जातं.

बिनपगारी_फुल्लअधिकारी

तुम्ही निदान रांगेत तरी उभे आहात. माझा पगार 23,000. ईएसआयची मर्यादा 21,000, जानेवारी 2017 पासून तीच. तेव्हापासून गॅस, शाळेची फी, खोलीभाडं कुठच्या कुठे गेलं आणि मर्यादा तिथेच बसलीये. कंपनी बंद पडली तेव्हा मी या योजनेत नाहीच, का तर मी "श्रीमंत". दोन हजारांनी श्रीमंत. इन्क्रिमेंट झालं तेव्हा पेढे वाटले होते मी!!

एचआरवाला_वाळूज

ते खरंय. मर्यादा ओलांडली की तो पिरियड संपेपर्यंत कापतात आणि मग बाहेर.

तिखट_मीठ

सगळे काँट्रॅक्टर आणि कोड बोलताय, बायकांचं कोणी बोलतच नाही. अंबडला सहा वर्षं पॅकिंगला होते. लागले तेव्हा लग्न नव्हतं, त्यामुळे ईएसआय आणि पीएफला माहेरचं नाव. आधारवर सासरचं. बँकेत सासरचंच पण मधलं नाव नुसतं इंग्रजी आद्याक्षर. पॅनवर अजून बाबांचं नाव. चार कागद, चार बायका. नाव जुळत नाही म्हणून अर्ज परत, मग त्यासाठी लग्नाचं सर्टिफिकेट, ते काढलेलंच नव्हतं कारण लग्न गावाला मारुतीच्या देवळात, आणि इतक्या वर्षांनी लग्न नोंदवायला गेले तर म्हणतात भटजींची सही आणा. भटजी वारले.

त्यात बँक दुसऱ्या बँकेत विलीन झालेली, आयएफएससी (शाखेचा कोड) जुना, ते वेगळंच. तीन महिन्यांचा भत्ता मिळायला पाच महिने लागले. तोवर मी दुसरीकडे कामाला लागले होते.

स्पष्टवक्ता_सोलापूर

ताई राग मानू नका पण मूळ चूक तुमचीच. लग्नानंतर नाव बदलायची सक्ती कायद्यात कुठेही नाही. बदललं नसतं तर चारही कागद एकच राहिले असते.

तिखट_मीठ

अच्छा. मी बदललं का? बोहल्यावरून उतरल्यावर ताटात तांदूळ पसरले, सोन्याच्या अंगठीने त्यात नवीन नाव लिहिलं, पहिलं नावसुद्धा बदललं, मला आधी सांगितलंही नव्हतं काय ठेवणार ते. बाजूला सासूबाई, तीन नणंदा, फोटोवाला म्हणतोय वहिनी इकडे बघा. तिथे मी उठून म्हणायचं होतं का की थांबा, माझा इन्शुरन्स नंबर जुन्या नावावर आहे?

आबा_72

तांदळातलं नाव त्या तांदळाबरोबरच भातात जातं. आधारवरचं शिजत नाही, हाच घोळ आहे.

स्पष्टवक्ता_सोलापूर

भावनिक करू नका. मी फक्त व्यवहाराचं बोललो. माझ्या बायकोने नाव बदललेलं नाही आणि आमचं काहीही अडलं नाही.

तिखट_मीठ

तुमच्या बायकोला विचारून लिहिलंत का हे? सिलिंडर घ्यायला आणि मुलाच्या शाळेत काय नाव सांगते ती?

नाव_सांगणार_नाही

नाव न बदलून पण सुटका नाही, मी बदललं नाही, ऐका. फॉर्ममध्ये "वडील/पतीचे नाव" असा एकच रकाना. पहिल्या नोकरीत बाबांचं टाकलं, दुसऱ्या नोकरीत क्लार्कने न विचारता नवऱ्याचं टाकलं, का तर गळ्यात मंगळसूत्र दिसलं. झाला मिसमॅच. आता पीएफला जॉइंट डिक्लरेशन (आपण आणि कंपनीने मिळून द्यायचं दुरुस्तीपत्र) दे, त्यावर जुन्या कंपनीचा शिक्का आण, जुनी कंपनी गेली राजस्थानात.

गुळाचा_चहा

मराठी नावाचाच तिढा आहे. आपलं स्वतःचं, बापाचं, आडनाव. कोणी फॉर्म बनवला त्याने तीन रकाने दिले तर ठीक, दोन दिले की मधलं नाव कधी पहिल्याला चिकटतं कधी आडनावाला. माझं आधारवर सुटं आणि बँकेत जोडून, मधली जागा नाही. एका स्पेससाठी सहा खेपा. आणि आता 2024 पासून महाराष्ट्रात मुलांच्या नावात आईचंही नाव, म्हणजे चार. चांगलंच आहे, बाई तेवढी नऊ महिने राबते, पण ही पोरं मोठी होऊन बेकार झाली की चार नावं जुळवत बसतील.

स्पष्टवक्ता_सोलापूर

आईच्या नावावर कोणाचा आक्षेप आहे? विषय कुठे नेताय.

तिखट_मीठ

विषय तुम्हीच नेलात. "मूळ चूक तुमचीच" हे कोण म्हणालं?

भोसरीचा_फिटर

अहो माझा धागा आहे हा. मी अजून रजेवरच आहे.

आबा_72

बाळ, शहरातल्याचा निदान कोड तरी चुकतो. रोजगार हमीच्या कायद्यात लिहिलंय, काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत दिलं नाही तर बेकार भत्ता, पहिले तीस दिवस मजुरीच्या पाव हिस्सा, पुढे निम्मा. महाराष्ट्राने ही हमी साऱ्या देशाला शिकवली, बहात्तरच्या दुष्काळात मी स्वतः खडी फोडलीये, विहिरीतला गाळ डोक्यावर वाहिलाय. पण भत्ता घेतलेला माणूस मला आमच्या पंचक्रोशीत दाखवा. का नाही? कारण ग्रामपंचायतीत अर्जाची तारीखवार पावतीच देत नाहीत. काम मागणीचा नमुना 4 भरून घेतात, ठेवून जा म्हणतात, आणि काम निघालं की त्या दिवशी तारीख टाकतात. म्हणजे तुम्ही सोमवारी मागितलं आणि सोमवारीच मिळालं. मी एकदा पावतीसाठी ओसरीवर ठाण मांडून बसलो, दुपारचे तीन वाजले, शेवटी पाठकोऱ्या कागदावर लिहून दिलं. पंधरा दिवस व्हायच्या आत काम निघालं! दोन वर्षं झाली नव्हती ती पाणंद दहा दिवसांत सुरू झाली. वाळूजवाले पोच म्हणतात ना, ते सोन्यासारखं बोललेत. नाव जुळो न जुळो, तारीख आपल्या हातात पाहिजे.

जर्सीकर

इकडे अमेरिकेत, न्यू जर्सीत तरी कुठे वेगळं आहे. 2020 च्या एप्रिलमध्ये आमच्या गव्हर्नरने जाहीरपणे कोबोल (जुनी कॉम्प्युटर भाषा) येणारी माणसं मागितली होती, कारण बेकार भत्त्याची सिस्टीम चाळीस वर्षं जुनी आणि अर्जांचा लोंढा आलेला. माझ्या शेजारणीला पहिला चेक यायला नऊ आठवडे लागले, रोज सकाळी आठला फोन लावायची, रोज एंगेज. आमच्या मंडळातल्या एका रिटायर्ड काकांना कोबोल येत होतं, पण ते म्हणाले आता गुडघे दुखतात.

बिनपगारी_फुल्लअधिकारी

तिकडचं दुःख पण डॉलरमध्ये, हो ना.

जर्सीकर

एच वन बी वर (इथल्या नोकरीच्या व्हिसावर) असताना नोकरी गेली की सहसा तो भत्ता मिळतच नाही, 60 दिवसांत दुसरी नोकरी किंवा बॅगा भरा. भोगलंय म्हणून सांगतो, टोमणा परत घ्या.

बिनपगारी_फुल्लअधिकारी

घेतला. अर्धा.

नियोजन_गुरू

इतकं सगळं वाचलं. माझं ते शेवटचं वाक्य नको होतं, काढतो. पण एक ध्यानात घ्या, योजना वाईट आहे असं वाचून ज्याचे कागद नीट आहेत तोसुद्धा अर्ज करणार नाही. लोकांना माहीतच नसतं हो. पैसे मिळेपर्यंतच्या काळात घरच्यांची दवाखान्याची सोय चालू असते का हेसुद्धा कोणी विचारत नाही.

तिखट_मीठ

भत्ता चालू असेल तेवढे दिवस असते. भत्ता चालू व्हायच्या आधीचं काय ते विचारा.

भोसरीचा_फिटर

सहा दिवसांनी परत लिहितोय. वाळूजवाल्यांनी सांगितलं तसं मूळ कंपनीच्या एचआरला लेखी दिलं. गेटवरच्या सिक्युरिटीला म्हणालो पोच पाहिजे, तो म्हणाला शिक्का आत आहे, मी म्हणालो मी रजेवरच आहे, वेळ भरपूर आहे, थांबतो. पावणेदोन तास थांबलो. शिक्का मिळाला. दुसऱ्या दिवशी काँट्रॅक्टरचा स्वतःहून फोन, आवाजात साखर. वर्गणीच्या नव्या भरण्यात 2 टाकतो म्हणाला, टाकला पण. गुरूंनी वाक्य काढलं ते बघितलं, ठीक आहे.

फक्त शेवटचा कामाचा दिवस 8 तारखेच्या जागी 30 तारीख टाकलाय. म्हणजे तीस दिवस परत पुढून मोजायचे.

एचआरवाला_वाळूज

हाजिरीचा फोटो आहे का मोबाईलमध्ये? पगारपत्रकावर दिवस किती लागलेत बघा, आठच असतील तर तेच जोडा आणि परत लेखी द्या. आणि हो, निदान रजेवरून तर आलात.

गुळाचा_चहा

मध्येच विचारतो, मावसभावाला आज सायबर कॅफेवाल्याने अॅफिडेव्हिटसाठी वीस रुपयांचा स्टँप पेपर आणायला सांगितलाय, तो लागतो का अजून? वीसचा मिळत नाही म्हणून शंभराचा घे म्हणतोय.

नियोजन_गुरू

नाही लागत!!! वर लिहिलंय!