गडाच्या कामातले अनुभव : दगड, चुना आणि पाणी

घाटवाट :
मावळातल्या एका बुरजाचा फोटो काल ग्रुपवर आला. दरजा (दगडांमधले सांधे) सिमेंटने चकाचक भरलेल्या! जुनं सगळं आठवलं, म्हणून धागा काढला. ‘आमची मोहीम’ छापाची वर्णनं नकोत. काम कसं करायचं आणि कुठे फसतं, तेवढंच लिहा.

चुनकळी :
सिमेंटचं सांगते. काळा दगड पाणी फारसं पीत नाही, मधला चुना पितो आणि सोडतो. वरून सिमेंटचं बूच मारलं की आत मुरलेलं पाणी मागेच कोंडतं, जुना चुना धुपतो, मग दर्शनी दगड सुटतो. सिमेंट जागेवर, दगड दरीत.
दरज रुंदीच्या दुप्पट खोल खरवडा, निदान एक इंच. धूळ काढा, पाणी मारून ओली करा. विरवलेला, चाळलेला चुना एक भाग, धुतलेली वाळू दोन भाग. ओल असेल तिथे एक चुना, एक सुरकी (विटांची पूड), एक वाळू. खाडीची वाळू नको, मीठ फुलतं. चुन्याच्या घाणीत (दगडी चाक फिरवून चुना मळायच्या चरात) मळलेला माल चांगला. भरल्यावर ओलं गोणपाट लावून ठेवा. उन्हात पटकन वाळला तर बोटाने खरवडला तरी भुगा पडतो. काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

पहार :
थांबा, आधी तट चुन्यातला आहे का ते बघा. बऱ्याच ठिकाणी कोरडी रचाई असते. तिथल्या फटी म्हणजे पाण्याच्या वाटा. चुन्यानेसुद्धा बुजवल्या तर मागची माती फुगते आणि भिंत पोट काढते. पोट सुटलेल्या भिंतीखाली डबा खायला बसू नये, हे वेगळे सांगणे न लगे.

सुवेळा :
भिंत हलते आहे की जुनीच भेग आहे, हे कसं ओळखायचं?

पहार :
भेगेवर आडवी काचपट्टी. दोन्ही टोकं प्लास्टरने चिकटवा, खालचा दगड आधी घासून घ्या. तारीख लिहा. पावसाळ्यानंतर काच तडकली असेल तर भिंत चालू आहे. काच शाबूत पण प्लास्टर सुटलं असेल तर काही कळलं नाही, परत लावा.

करवंद :
पिंपळाबद्दल कोणीच बोलत नाही! करंगळीएवढं रोप पावसात ओल्या मातीतून मुळासकट येतं. मनगटाएवढं झालं की ओढायचं नाही, मुळासोबत चार दगड येतात. बुंधा कापा, ताज्या कापावर लगेच तणनाशक ब्रशने लावा. फवारणी नको, पाण्याच्या टाक्याजवळ तर औषधच नको. मूळ कुजल्यावर पोकळी राहते, तिथे पातळ चुना ओतायला परत यावं लागतं. हीच फेरी सगळे विसरतात.

लोकलवाला :
मळवलीला उतरून लोहगडवाडीत पिठलं-भाकरी हल्ली कुठे बरी?

घाटवाट :
लोकलवाले, दर धाग्यावर तेच! व्यक्तिगत निरोप करा.

चुनकळी :
पिठल्यातही पाण्याचं प्रमाण महत्त्वाचं 😄

सोळकोनी :
टाकी साफ करायची तर एप्रिल-मे. गाळ चाळून काढा. खापर, नाणं, तोफगोळा निघाला तर जागेवरच फोटो, खोली मोजा, पुरातत्त्व खात्याला कळवा. घरी शोकेसमध्ये नाही. गाळ तटाच्या कडेला टाकू नका, पहिल्या पावसात परत टाक्यात किंवा वाटेवर. आणि कातळात कोरलेली पन्हळ बुजली असेल तर ती आधी मोकळी करा, नुसता गाळ उपसून उपयोग नाही.
परवानगी : लोहगड, शिवनेरी केंद्रीय पुरातत्त्वकडे, राजगड राज्य पुरातत्त्वकडे. उतारावरचं जंगल बहुतेक वनखात्याचं, म्हणजे दोन अर्ज. २०२५ च्या जुलैत जागतिक वारसा यादीत गेलेल्या १२ किल्ल्यांत हे तिन्ही आहेत. नियम तसेही कडकच : केंद्रीय संरक्षित वास्तूपासून १०० मीटर बांधकाम बंद, पुढचे २०० मीटर परवानगीने.

सुवेळा :
तटावरून निखळलेला दगड परत लावता येतो?

पहार :
मनाने नको. पडल्या जागी फोटो, खडूने नंबर, मग हलवा. दोन फूट बाय एक बाय एकचा दगड दीडशे किलोच्या आसपास भरतो. चार जणांनी उचलायचा नाही. तिवई (तीन पायांचा सांगाडा) आणि चेनपुली.

कारवी :
सड्यावर (गडाच्या सपाट माथ्यावर) झाडं लावणाऱ्या उत्साही मंडळींना हात जोडून विनंती. माथ्यावर माती वीतभर. तिथे पावसाळी गवत आणि रानफुलं हेच जंगल. खड्डे खणले की माती वाहून टाक्यात. गुलमोहर, गिरिपुष्प तर अजिबात नको. काम करायचंच तर फेब्रुवारीआधी वनखात्याला सांगून वाटेकडेची जाळरेषा (वणवा अडवायला गवत काढलेला पट्टा) काढून घ्या. वणवा गेला की उतार उघडा पडतो आणि गाळ परत सोळकोनींच्या गळ्यात.

लोकलवाला :
जाळरेषेचं गवत गुरांना चालतं का? वाडीत विचारत होते.

कारवी :
हिरवं असताना कापलं तर चालतं. उभं वाळून गेलं की कस उरत नाही, गुरं फारशी खात नाहीत. ऑक्टोबरअखेर कापायला सांगा, पेंढ्या वाडीतच राहतील.