डोळे मिटून माणूस बदलतो का?

नागसेनवनकर: 'विपश्यना ध्यान म्हणजे आंबेडकरी चळवळीला दिलेली झोपेची गोळी' असं काल एकानं इथं टाकलं. स्वतः बसलाय का कधी? मी इगतपुरीला शिबिरात दहा दिवस बसलोय. पहाटे चारची घंटा, मोबाईल जमा, आर्य मौन म्हणजे बोलणं बंद. पहिले साडेतीन दिवस नुसता श्वास. चौथ्या दिवशी गुडघा असा ठणकला की बांधावरून चुलतभावाशी झालेली सगळी भांडणं त्यात येऊन बसली. हललो नाही. बघत राहिलो, तर ठणका सरकला, विरला. 'अनिच्च', म्हणजे काहीच टिकत नाही, हे पुस्तकात वाचलं होतं, कळलं गुडघ्यात. प्रज्ञा दुसरी काय असते?

जुना पँथर: गुडघा कळला, छान. १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायच्या वादात आमची घरं जळाली ती कोणत्या श्वासात बघायची? १४ जानेवारी १९९४ चा नामविस्तार लाठ्या खाऊन मिळाला, मांडी घालून नाही. बाबासाहेबांनी प्रज्ञेबरोबर करुणा आणि समता सांगितली. तुमची गाडी पहिल्याच स्टेशनावर झोपली.

नागसेनवनकर: बोटांची माळ घालणारा दरोडेखोर अंगुलिमाल कोणत्या मोर्चात बदलला? शिबिराच्या शेवटी मंगलमैत्री घेतात, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंततात, 'सब्बे सत्ता सुखी होन्तु'. सगळे सत्त्व, म्हणजे सगळे जीव, नुसती माणसं नव्हेत.

लातूरचा गडी: सगळे? मग माझ्या बैलाचं बोला. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत व्हतं, ते माणसालाच पुरंना. म्हातारा बैल विकावा तर २०१५ च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानं गिऱ्हाईकच संपलं. दावणीलाच वाळला. शेवटी डोळ्यांवर माश्या बसायच्या, कान हलवायचं बी त्राण नव्हतं. त्या कायद्याला बी करुणाच म्हणतेत.

शाकाहारी उपासक: सकाळी विहारात 'पाणातिपाता', म्हणजे जीवहत्या न करण्याचं शील, दुपारी मटण. आधी ताट सुधारा.

जुना पँथर: आले ताटात डोकवायला! वैद्य जीवकाला बुद्धांनी काय सांगितलं? आपल्यासाठी मारल्याचं पाहिलं नाही, ऐकलं नाही, शंका नाही, असं मांस भिक्खूलाही चालतं.

शाकाहारी उपासक: भिक्खू भिक्षेत पडेल ते खातो. तुम्ही रविवारी रांग लावून दीड किलो आणता, तरी शंका येत नाही?

लातूरचा गडी: कामून भांडता? मी बैलाचं इचारलं, तुम्ही रश्श्यावर गेलाव.

लेणीवेडी: त्याच विद्यापीठामागच्या सात नंबरच्या लेणीत करुणेचा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर, त्याच्याभोवती आग, चोर, साप, हत्ती अशी आठ भयं कोरलीत. मधला तो बसलेला नाही, उभा आहे. इतकंच.

जुना पँथर: महायान नको आम्हाला. पण उभा आहे, हे आवडलं.

नागसेनवनकर: बरं, विपश्यनेनं नामविस्तार झाला नसता. घ्या, कबूल. पण आठ वर्षांनी चुलतभावाच्या दारात गेलो, ते मोर्च्यामुळं नाही.

जुना पँथर: बांध सरकला का?

नागसेनवनकर: तिथंच आहे. चहा पाजला त्यानं.

लातूरचा गडी: अन् बैलाचं?